त्या सकाळची नोंद

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, तो जाईपर्यंत नाही. मुलीजवळ नाही. धाकट्या बहिणीजवळ एकदा अगदी ओठांवर आलं होतं — गच्चीवर दोघी मिरच्या वाळत घालत होतो, ती काहीतरी जुनं बोलत होती — आणि मी तिला विचारलं, चहा टाकू का? असं किती वेळा झालं असेल? चहानं, फोननं, कुणी दार वाजवल्यानं मी कितीदा सुटले असेन?

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

मी ब्रह्मपुरीकडची. तिथल्याच भागात एका कॉलेजात तीसेक वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. त्यात प्राण्यांच्या वर्तनाचं एक प्रकरण असायचं — माकडं, पाखरं, चितळं एकमेकांना धोक्याची सूचना कशी देतात, त्यांच्या ओरडण्याला अर्थ असतो का, माणसाची भाषा अशाच कुठल्यातरी ओरडण्यातून वाढली असेल का. पोरांना ते प्रकरण फार आवडायचं. मी ते चांगलं शिकवायचे. आलापल्लीच्या जंगलात मी स्वतः दोन वर्षं काम केलेलं होतं ना — पोरं कौतुकानं ऐकायची. आणि दरवर्षी त्या तासाला मी एक गोष्ट खोटी शिकवायचे.

पण असं नाही सांगता येणार. आधी जानोबाईचं सांगायला हवं.

एमएस्सी झाल्याबरोबर मला ते काम मिळालं. ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. बाहेरगावचे एक संशोधक — मी त्यांना सरच म्हणायचे, इथंही सरच म्हणते — जंगलातल्या वानरांचे आवाज टेप करत होते. त्यांना मराठी बोलणारं, झाडीपट्टीतलं, जंगलात राहायला तयार असलेलं कुणीतरी हवं होतं. आमच्या घरात नोकरी म्हणजे शाळा नाहीतर कचेरी; मुलगी वानरांमागं जाते हे माझ्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही. बाबांना पटलं. शिकलीस तर त्याचा उपयोग कर, एवढंच ते म्हणाले, आणि एसटीत बसवून दिलं.

सरांचा प्रश्न साधा होता. वाघ दिसल्यावर वानर जे खॉक-खॉक ओरडतं, तो शब्द आहे की शिंक? म्हणजे भीतीनं आपोआप बाहेर पडतं, की ‘वाघ आहे’ असं ते दुसऱ्याला सांगतं? आणि शब्द असेल, तर तो खोटाही ठरू शकेल. वाघ नसताना तो पुन्हा पुन्हा ऐकू आला, तर ऐकणारे कधी विश्वास ठेवायचं सोडतात? त्यासाठी आम्ही एका नराचं ओरडणं टेप केलं होतं. झुडपात कर्णा लपवायचा, बॅटरी जोडायची, बारा सेकंद टेप वाजवायची आणि कळपातले किती वर पाहतात, किती झाडावर पळतात ते मोजायचं. पहिल्या दिवशी सगळा कळप शेंड्यावर गेला. सहाव्या दिवशी एका म्हाताऱ्या मादीनं नुसती मान वळवली आणि पानं खात राहिली.

सर महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. एरवी मी एकटी. वनखात्याच्या नाक्याला लागून एक खोली होती, तिथं राहायचे. शेजारच्या पाड्यातली जानोबाई माझा स्वयंपाक करायची. पन्नाशीची गोंड बाई. मी एकटीनं झोपू नये म्हणून रात्री ती नाहीतर तिची सून सोबतीला यायची. सुनेचं नाव सोमी. धानोऱ्याकडची, लग्नाला वर्ष झालेलं. ती यायची तेव्हा गप्पा व्हायच्या — म्हणजे ती बोलायची. माझ्या साड्या उघडून बघायची, घडी मोडली तर पुन्हा घालून ठेवायची.

वानरांबद्दल जे काही मला खरंखुरं कळलं, ते जानोबाईकडून. सरांच्या पुस्तकांतून नाही. कुत्रा दिसला की वानर ओरडतं आणि थकून गप्प होतं, वाघ दिसला की थकत नाही — वाघ हलेल तसं तोंड फिरवत ओरडत राहतं. आवाज नुसता ऐकायचा नाही, वानराचं तोंड कुठं आहे ते बघायचं. ती हे सांगताना माझी हनुवटी धरून वळवायची. मी सगळं वहीत लिहून घेतलं. सरांनी ते पुढं वापरलंही. तिचं नाव कुठं आलं नाही. पण तो आजचा विषय नाही, आणि तिला त्याचं काही नव्हतं.

तिला होतं ते मोहाचं.

चैत्र लागला की मोहाची फुलं गळतात, पहाटेच. उजाडायच्या आत बाया टोपल्या घेऊन झाडांखाली जातात आणि वाकून वेचतात. वाकलेली बाई वाघाला बाई वाटत नाही, जनावर वाटतं. म्हणून त्यांचे कान वर असतात. वानर ओरडलं की टोपली सोडून सगळ्या एकत्र येतात, आवाज करत माघारी फिरतात. पिढ्यान् पिढ्या हे असंच. आणि त्याच रानात आम्ही टेप वाजवत होतो.

हे आमच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. मीच सुरुवातीला जानोबाईला सांगितलं होतं की मशीन फक्त दुपारी चारनंतर वाजेल, सकाळचा आवाज खराच समजायचा. तिनं पाड्यातल्या बायांना सांगितलं. माझ्या शब्दावर सगळं चाललं होतं.

मग मोजण्या मागं पडल्या. मधे बॅटरी बिघडली, आठ दिवस ती आलापल्लीला पडून राहिली. सर येणार होते. वही अर्धी कोरी होती. चारनंतर वानरं कुठंकुठं पांगलेली असतात, सकाळी कळप हमखास सापडतो — आणि मी सकाळची वाजवायला लागले. कुणाला न सांगता. चार दिवस, पाच दिवस. नाल्याजवळच्या मोहांत बायांनी टोपल्या टाकून पळताना मी पाहिलं. झुडपात बसून पाहिलं आणि वहीत वानरांचे आकडे लिहिले.

जानोबाईला कर्णा दिसला. ती रागावेल, मला वाटलं होतं. ती नुसती म्हणाली की वाजवायची तर वाजव, पण आदल्या सांजेला सांगत जा. मग आम्हाले समजते कोणतं तुहं अन् कोणतं रानाचं. मी हो म्हणाले. त्यानंतर रोज संध्याकाळी मी सांगायचे — उद्या आहे, उद्या नाही. उद्या नाल्याकडं, उद्या टेकडीकडं. ती मान हलवायची. तुम्हाला कळतंय ना काय झालं होतं? वानरांच्या ओरडण्यावर त्या बायांचा विश्वास राहिला नव्हता. त्या माझ्या ओरडण्यावर चालत होत्या.

आता ती सकाळ.

आदल्या संध्याकाळी मी सांगितलं होतं, उद्या नाल्याकडं मशीन आहे. त्याच दिवशी टपालानं मला मुलाखतीचं पत्र आलेलं — कॉलेजातल्या जागेचं. रात्री सोमी सोबतीला होती. पहाटे ती उठली, तोंड धुतलं, टोपली घेतली. दारातून तिनं विचारलं, “येत नाई काय मशीन घेऊन?”

मी पांघरुणातूनच म्हटलं, “तू हो पुढं. येतोच मी.”

मी गेले नाही. आजारी नव्हते. बॅटरी भरलेली होती, सायकलच्या कॅरिअरला बांधून तयार होती. बॅटरी उचलू लागणारा वनमजूर त्या आठवड्यात वणवा अडवायची जाळरेषा साफ करायला गेला होता, नाक्यावरचा गार्डही तिकडंच; पण एकटीनं मी ती याआधीही नेली होती. मला नुसता कंटाळा आला. पडून मी मुलाखतीचा विचार करत होते. निळी साडी की मोतिया. निळी जरा भारी वाटेल. मोतिया धुवून घ्यावी लागेल. हे मला शब्दन् शब्द आठवतं.

आणि नाल्याकडं वानर ओरडलं.

पहिल्यांदा एकच. मग दुसरं. मग चार-पाच एकदम. मी उठून बसले. आमची टेप बारा सेकंदांची. हे थांबेना. मी जानोबाईकडं शिकलेली होते — न थकता, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकत जाणारं ते ओरडणं काय आहे ते मला त्या रानात सगळ्यांत चांगलं कळत होतं. मशीन माझ्या दाराशी सायकलवर होती. नाल्यावरच्या बायांना वाटत होतं ती नाल्याकडं आहे.

नाक्यावर रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. वणवा लागला की तो बडवायचा, पाड्यातून माणसं धावत यायची. माझ्या खाटेपासून वीस पावलं. तो बडवला असता तर नाल्यापर्यंत ऐकू गेलं असतं, बाया निघाल्या असत्या. मी का नाही गेले? हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय की आता प्रश्नाला धार राहिली नाही. बिबट असेल, निघून जाईल, असं म्हटलं मनाशी. त्यांना कळेलच, असंही. पण खरं सांगू? मला वाटलं, मी रूळ बडवला तर सगळ्यांना कळेल की मी आज गेलेच नाही. मशीन आहे असं सांगून झोपून राहिले. जानोबाई काय म्हणेल? सरांच्या कानावर गेलं तर? एवढंच. एवढ्यासाठी मी खाटेवर बसून राहिले आणि ते ओरडणं ऐकत राहिले.

मग वानरांचा आवाज बायांच्या आवाजात बुडाला.

वाघानं सोमीला मानेला धरलं होतं. बायांनी दगड मारून, किंचाळून सोडवलं. खाटेवर घालून आलापल्लीकडं नेत होते, नाक्यावरूनच नेलं. मी दारात उभी होते. तिचा हात खाटेखाली लोंबत होता, बोटांना मोहाचा चीक लागून माती चिकटली होती. रस्त्यातच गेली. दुसऱ्या दिवशी धानोऱ्याकडून तिचा बाप आला. ते झाड कोणतं म्हणून विचारून तिथं गेला, बराच वेळ उभा राहिला आणि आला तसा परत गेला. मला त्यानं काही विचारलं नाही. त्याला मी कोण होते?

विचारलं जानोबाईनं. आठ-दहा दिवसांनी. एवढ्या दिवसांत ती माझ्याकडं आली नव्हती. त्या दुपारी आली आणि पायरीवर बसली, नेहमीसारखी आत आली नाही.

“मले खरं सांग बाई,” ती म्हणाली. “त्या सकाळी तुहीच मशीन होती ना? लय वेळ वराडत होतं. सोमी उठून उभी राह्यली. मी तिले म्हटलं, पळू नोको, बाईची मशीन हाय. ते हासली अन् खाली बसली.”

मी म्हटलं, “हो. माहीच मशीन होती.”

मग तिनं विचारलं, “मंग वाघ आला तवा वांदर काऊन नाई बोलले?”

“मले नाई मालूम,” मी म्हटलं.

मी पुष्कळ वर्षं स्वतःला पटवलं की ते तिच्यासाठी केलं. खरं सांगितलं असतं तर आपल्याच तोंडानं सुनेला खाली बसवल्याचं ओझं तिच्यावर पडलं असतं. ते मी वाचवलं. ऐकायला किती बरं वाटतं, नाही? पण त्या क्षणी माझ्या मनात तिचा विचार नव्हता. तिथं फक्त मी होते. हो म्हणताना मला हायसं वाटलं होतं — सुटका झाल्यासारखं. आणि ओझं तिच्यावर होतंच. ती वाक्यं माझ्यापुढं बोलायला तिला दहा दिवस लागले होते.

ती गेल्यावर मी वही काढली. त्या तारखेचं पान कोरं होतं. मी वेळ लिहिली, जागा लिहिली, टेपचा क्रमांक लिहिला. कळपात वानरं अकरा. मान वर करणारी दोन. झाडावर चढणारी एकही नाही. धोक्याचा आवाज — या रकान्यात मी ‘नाही’ लिहिलं. शाई वेगळी दिसू नये म्हणून आधीच्या पानाचं पेन शोधलं. पेन शोधलं हो मी.

पुढच्या महिन्यात सर आले. ते जानोबाईच्या घरी जाऊन बसले, सोमीच्या नवऱ्याशी बोलले. वाईट माणूस नव्हते. मग रात्री वही वाचताना त्या पानाशी थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. खोट्या हाका ऐकून ऐकून वानरं इतकी निबर झाली होती, की खरा वाघ समोर आला तरी एकानंही आवाज केला नाही — त्या पानावरून त्यांना हेच दिसत होतं, आणि दुसरं काय दिसणार? शब्द खोटा पडत गेला तर तो नुसता ऐकणाऱ्याचा मरत नाही, बोलणाऱ्याचाही मरतो, असं ते म्हणाले. त्यांनी मला एकदाच विचारलं, नोंद पक्की आहे ना? मी म्हटलं, हो सर.

त्यांच्या लेखात तेच मुख्य झालं. पुढं दुसऱ्यांनी त्याचे दाखले दिले. मला नोकरी लागली त्यात सरांच्या पत्राचा वाटा होता, आणि पत्रात माझ्या काटेकोर नोंदींबद्दल लिहिलं होतं. मुलाखतीला मी मोतिया साडी नेसले.

आणि पाड्यात? तिथल्या लोकांनीही सरांसारखाच हिशेबी विचार केला. नाल्याकडची वानरं वाघ दिसला तरी बोलत नाहीत, तर तिथं जायचं नाही. ते मोह जानोबाईच्या घरचे होते, सगळ्यांत भरघोस फुलणारे. मी पाडा सोडला तेव्हा तिथं कुणी जात नव्हतं, फुलं झाडाखालीच सडत होती. मी निघाले त्या सकाळी जानोबाईनं पानात बांधून चारोळी दिली. वाटेत खा म्हणाली. मी एसटीत बसून ती खाल्ली.

आमच्याकडं रविवारी विहारात वंदना होते. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या, माझा आवाज मी बाकीच्यांच्या आवाजात सोडून देते. ओठ हलतात. शेजारणीला वाटत असेल, हिचा गळा बसलाय.

नागपूरला सरांचा सत्कार झाला, ते निवृत्त झाले तेव्हा. व्यासपीठावरून त्यांनी ती गोष्ट सांगितली — मुक्या झालेल्या वानरांची. शेवटी त्यांनी माझं नाव घेतलं, म्हणाले, ही नोंद जिनं केली ती इथंच बसलेली आहे. लोक वळून पाहायला लागले. मी उठून उभी राहिले आणि हात जोडले. आता सर नाहीत.

जानोबाईही नाही. तिकडचा एक विद्यार्थी माझ्या वर्गात होता, त्याच्याकडून कळलं. तो सहज सांगत होता — आमच्याकडं नाल्याजवळ मोहाची मोठी झाडं आहेत मॅडम, पण तिथं कुणी वेचत नाही. म्हाताऱ्या बाया सांगून गेल्यात की तिथली वानरं मुकी आहेत. मी त्याला पुढचं काही विचारलं नाही. त्या दिवशी तेच प्रकरण शिकवायचं होतं. शिकवलं.

तिथली वानरं मुकी नव्हती. त्या सकाळी मशीन माझ्या दाराशी होती, टेप वाजली नव्हती. सोमी निघून गेल्यावर अर्ध्या-पाऊण तासानं एक वानर ओरडलं, मग सगळी ओरडली, बराच वेळ, वाघ सरकेल तशी सरकत. मी जागी होते.